अडुसष्ट भागांचा मेंदू सोळा जीबीच्या लॅपटॉपवर: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

शिरपूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: तिच्याकडे खुल्या माहितीसंचातून घेतलेला ६८ भागांचा कनेक्टोम, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत याचा तक्ता आहे, त्याच व्यक्तींच्या विश्रांत अवस्थेतील एफएमआरआयच्या (रक्तप्रवाहावरून मेंदूची हालचाल टिपणाऱ्या चाचणीच्या) मालिका आहेत आणि सोळा जीबी रॅमचा एक लॅपटॉप आहे. आधी विश्रांत मेंदूचे सिम्युलेशन करायचे आणि मग, पक्षाघातात निकामी होतो तसा एखादा भाग जाळ्यातून काढून, उरलेल्या जाळ्याचे काय होते ते पाहायचे, असा तिचा बेत आहे. त्यासाठी ‘द व्हर्च्युअल ब्रेन’ घ्यावे, न्यूरोलिब घ्यावे की ब्रायनसारख्या न्यूरॉनच्या सिम्युलेटरपासून सुरुवात करावी, असे तिने विचारले आहे.

तुमच्या कामाला न्यूरोलिब पुरेसे आहे. पुढे ईईजी (डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विद्युत लहरी), बाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा, कॉर्टेक्सचा) पृष्ठभाग किंवा अपस्मार यांकडे वळायचे झाले तर द व्हर्च्युअल ब्रेन लागेल. ब्रायन या कामासाठी नाही. मात्र यांपैकी काहीही बसवण्याआधी एका संध्याकाळी वीसेक ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात, असा माझा आग्रह आहे. गेली बारा वर्षे मी हे काम करतो आहे, त्यांतली शेवटची पाच जळगावात घरूनच, आणि या काळात ज्यांचे प्रकल्प रखडलेले पाहिले त्यांतल्या बहुतेकांचे सॉफ्टवेअर योग्यच होते. चुकले होते ते एकक, क्रम किंवा गृहीत धरलेले आकडे.

ब्रायन का नाही, ते आधी सांगतो. माणसाच्या मेंदूच्या बाह्यकात सुमारे १६ अब्ज न्यूरॉन असतात. ते ६८ भागांत वाटले, तर सरासरीने एकेका भागाच्या वाट्याला तेवीस-चोवीस कोटी येतात. ब्रायन, नेस्ट आणि न्यूरॉन ही साधने एकेका पेशीचे समीकरण सोडवतात, आणि ते काम ती उत्तम करतात. पण तुमची माहिती पेशींची नाही, भागांची आहे. संपूर्ण मेंदूच्या जाळ्याच्या मॉडेलमध्ये एका भागातील कोट्यवधी पेशींच्या ऐवजी त्यांच्या सरासरी हालचालीचे एक-दोन चल धरतात, आणि हे भाग एकमेकांना ज्या प्रमाणात जोडलेले आहेत ते प्रमाण पाण्याचे विसरण (डिफ्यूजन) मोजणाऱ्या एमआरआयवरून काढलेल्या कनेक्टोममधून घेतात. ‘कनेक्टोम’ हा शब्द २००५ सालचा. भागाच्या सरासरी हालचालीची समीकरणे मात्र त्याहून बरीच जुनी आहेत. विल्सन आणि कोवान यांचे मॉडेल १९७२ चे आहे, जॅन्सन आणि रिट यांचे १९९५ चे. साधने या दोन गोष्टींची सांगड घालतात, एवढेच.

आता त्या वीस ओळी. विश्रांत अवस्थेसाठी सर्वाधिक वापरले जाणारे एक मॉडेल म्हणजे वाँग-वाँग मॉडेलचे संक्षिप्त रूप, जे डेको आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संपूर्ण मेंदूसाठी मांडले. त्यात प्रत्येक भागाला एकच चल असतो, एस, म्हणजे उघड्या असलेल्या एनएमडीए ग्राहींचे प्रमाण. एका सुट्या भागासाठी गणित असे: आत येणारा प्रवाह एक्स = डब्ल्यू × जे × एस + पार्श्वभूमीचा प्रवाह; त्यावरून स्पंदनांचा दर एच = (ए × एक्स − बी) भागिले [१ − घातांकी(−डी × (ए × एक्स − बी))]; आणि एसच्या बदलाचा वेग = −एस/टाऊ + (१ − एस) × गॅमा × एच. मूळ लेखातील आकडे डब्ल्यू ०.९, जे ०.२६०९, पार्श्वभूमीचा प्रवाह ०.३, ए २७०, बी १०८, डी ०.१५४ सेकंद, टाऊ १०० मिलिसेकंद आणि गॅमा ०.६४१ असे आहेत. नॉइज शून्य ठेवा, इतर भागांशी जोडणी शून्य ठेवा, एस ०.१ पासून सुरू करा आणि ऑयलरच्या साध्या रीतीने, म्हणजे काळाची छोटी छोटी पावले टाकत, दोन सेकंद चालवा. एस सुमारे ०.०३४ वर येऊन थांबला पाहिजे आणि दर सुमारे ०.५५ हर्ट्झ दिसला पाहिजे. कॅल्क्युलेटरवर तीच समीकरणे आठ-दहा वेळा फिरवली तरी हेच उत्तर येते.

एवढ्या क्षुल्लक चाचणीचा आग्रह कशासाठी? कारण यात वेळ कुठे सेकंदांत आहे, कुठे मिलिसेकंदांत, आणि हा घोळ कोणतेही साधन तुमच्यासाठी निस्तरत नाही. काळाचे पाऊल मिलिसेकंदांत आणि दर हर्ट्झमध्ये असेल तर गॅमाला हजाराने भागावे लागते. ते विसरलात तर एस थेट १ च्या जवळ जाऊन चिकटतो आणि मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी पेटलेले दिसतात. उलट ए आणि बी हर्ट्झचे ठेवून डी मात्र १५४ असा मिलिसेकंदांतला घातला, तर घातांक आकड्यांच्या मर्यादेबाहेर जातो, पायथनची नमपाय ही गणिताची लायब्ररी एक इशारा छापते, तो कुणी वाचत नाही आणि एस मुकाट शून्यावर उतरतो. दोन्ही वेळा प्रोग्रॅम न थांबता पूर्ण चालतो आणि आलेखही काढून देतो.

हीच चाचणी मग निवडलेल्या साधनात करावी. द व्हर्च्युअल ब्रेनमध्ये हेच संक्षिप्त मॉडेल दर किलोहर्ट्झमध्ये धरते, म्हणून तिथे ए ०.२७०, बी ०.१०८ आणि डी १५४ दिसतात. यात चूक काही नाही, फक्त एकक वेगळे आहे. पण तिथले मुळातच भरलेले डब्ल्यू ०.६ आणि पार्श्वभूमीचा प्रवाह ०.३३ हे आकडे २०१३ च्या लेखाहून वेगळे आहेत. ते तसेच ठेवले तर सुटा भाग ०.०३४ ऐवजी सुमारे ०.०९८ वर स्थिरावतो आणि दर १.७ हर्ट्झच्या आसपास येतो. मॉडेलचे नाव एक, उत्तरात जवळजवळ तिपटीचा फरक. प्रबंधात ‘वाँग-वाँग मॉडेल वापरले’ एवढेच लिहिणे म्हणूनच अपुरे असते. सर्व मूल्यांचा तक्ता द्यावा लागतो.

आता साधनांविषयी. द व्हर्च्युअल ब्रेन, ज्याला सगळे टीव्हीबी म्हणतात, हा यांतील सर्वांत मोठा संसार आहे. मार्सेय, टोरांटो आणि बर्लिन येथील गटांनी तो उभारला, पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि तो पायथनमध्ये लिहिलेला, जीपीएल परवान्याखाली खुला आहे. त्याला ब्राउझरमध्ये उघडणारा दर्शनी भाग आहे, त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणारा डॉक्टरही त्यात ७६ भागांचा तयार कनेक्टोम घेऊन पहिले सिम्युलेशन चालवू शकतो. तुम्ही मात्र त्या दर्शनी भागात फार रमू नका. खरे काम त्याच्या लायब्ररीला पायथनच्या नोटबुकमधून हाक मारूनच होते. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कनेक्टोम, भागाचे मॉडेल, जोडणीचा नियम, समीकरण सोडवण्याची रीत आणि ‘मॉनिटर’ हे पाच तुकडे वेगवेगळे बदलता येतात. मॉनिटर म्हणजे निरीक्षणाचे यंत्रच समजा: तीच आतली हालचाल एफएमआरआयला कशी दिसेल, ईईजीला कशी दिसेल, मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या एमईजीला कशी दिसेल, हे तो काढून देतो. भागांऐवजी बाह्यकाच्या पृष्ठभागावरील हजारो बिंदूंवर गणित करण्याची सोयही त्यात आहे. अपस्माराच्या झटक्यांसाठी २०१४ मध्ये मांडलेले ‘एपिलेप्टर’ मॉडेल त्यात आहे, आणि त्याच धाग्यावर फ्रान्समध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या नियोजनासाठी रुग्णांवर चाचणी सुरू झाली. झटक्यांवर काम करायचे असेल तर टीव्हीबीला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये.

त्याची अडचण म्हणजे वजन. बसवण्यापासून फायलींच्या मांडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्याची स्वतःची शिस्त आहे, आणि शेकडो पॅरामीटर-जोड्या फिरवायच्या असतील तर ती शिस्त जड वाटू लागते.

न्यूरोलिब हे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून आलेले आटोपशीर साधन आहे. त्याची मॉडेले नुम्बा या पायथनच्या जोडसाधनाने यंत्रभाषेत उतरवली जातात, त्यामुळे पहिल्या फेरीला थोडा वेळ लागतो आणि नंतरच्या फेऱ्या वेगाने होतात. पहिल्या फेरीचे घड्याळ लावून त्याच्या वेगाबद्दल मत बनवू नका. ८० भागांचा एक माहितीसंच त्याच्यासोबतच येतो, पॅरामीटर फिरवून पाहण्याची आणि उत्क्रांतीच्या रीतीने जुळवून घेण्याची सोय आत आहे, आणि परवाना एमआयटीचा म्हणजे अगदी सैल आहे. तुमच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे लांब सिम्युलेशन तुकड्यातुकड्याने चालवून फक्त एफएमआरआयचा संकेत जपण्याची सोय. ती का लागते, त्याचा हिशेब साधा आहे. काळाचे पाऊल ०.१ मिलिसेकंद धरले तर दहा मिनिटांच्या सिम्युलेशनमध्ये ६० लाख पावले होतात. ६८ भागांच्या एका चलाची सगळी पावले साठवायची म्हटली तर सव्वातीन जीबी जागा लागते. दोन चल असतील तर साडेसहा. पण एफएमआरआयचे छायाचित्र ०.७२ सेकंदाला एक निघत असेल, तर तुलनेसाठी लागणारे बिंदू फक्त ८३३ आहेत, म्हणजे जेमतेम साडेचारशे केबी. सव्वातीन जीबी साठवून त्यातले साडेचारशे केबी वापरणारे प्रोग्रॅम मी दर वर्षी पाहतो.

वेळेचाही हिशेब लक्षात घ्या. प्रत्येक पावलाला ६८ गुणिले ६७, म्हणजे ४,५५६ जोडण्यांची बेरीज होते. ६० लाख पावलांना हा आकडा सत्तावीसशे कोटींच्या वर जातो. शुद्ध पायथनच्या फेऱ्यांत हे लिहिणे म्हणजे बैलगाडीने मुंबईला जाण्यासारखे आहे. शिवाय आपल्या भागात आणखी एक गोष्ट या हिशेबात येते, जी कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जे सिम्युलेशन माझ्याकडे पहाटे अकरा मिनिटांत होई, तेच दुपारी अठरा-एकोणीस मिनिटे घेत असे, आणि मी दोन दिवस प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसलो होतो. फेऱ्या रात्री लावाव्यात. प्रत्येक फेरीचे उत्तर वेगळ्या फाईलमध्ये लिहावे आणि प्रोग्रॅमने सुरुवातीलाच कोणत्या फाईली तयार आहेत ते पाहून उरलेल्याच फेऱ्या कराव्यात. मग मध्येच लाइट गेली तरी आधीच्या दोनशे फेऱ्या वाया जात नाहीत.

एवढी पावले टाळायची असतील तर दुसरे मॉडेल आहे: हॉफ द्विभाजनाजवळ, म्हणजे आंदोलन सुरू होण्याच्या उंबरठ्यावर ठेवलेला दोलक. यात प्रत्येक भागाची वारंवारता थेट एफएमआरआयच्या मालिकेतून, साधारण ०.०४ ते ०.०७ हर्ट्झच्या पट्ट्यातून घेतात, आणि दोलकाचे उत्तर हाच एफएमआरआयचा संकेत मानतात. रक्तप्रवाहाचे वेगळे मॉडेल लावावे लागत नाही आणि काळाचे पाऊल सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे चालते, म्हणजे दहा मिनिटांना ६० लाखांऐवजी सहा हजार पावले पुरतात. पेशींविषयी हे मॉडेल काहीच सांगत नाही, ही त्याची मर्यादा उघड आहे; पण सगळी नळजोडणी नीट झाली आहे की नाही हे तपासायला पहिल्या आठवड्यात हेच वापरावे, असे मी सुचवेन.

मॅटलॅबवाल्यांसाठी ब्रेन डायनॅमिक्स टूलबॉक्स आहे. सरकपट्टी हलवली की समीकरणाचे वागणे डोळ्यांसमोर बदलते, आणि शिकवण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे साधन मला माहीत नाही. महाविद्यालयाकडे मॅटलॅबचा परवाना असेल तर एक दुपार त्यावर जरूर घालवा, पण प्रकल्प त्यावर उभारू नका. ग्राफिक्स कार्डावर हजारो फेऱ्या एकदम चालवणारी, किंवा पायटॉर्च या यंत्रशिक्षणाच्या लायब्ररीच्या मदतीने उतार (ग्रेडियंट) काढून पॅरामीटर स्वतःच जुळवणारी नवी साधने येत आहेत. ती वेगवान आहेत. पण त्यांच्या आतले गणित बिघडले तर ओळखू येण्यासाठी हाताने केलेली एक तरी जुळवणी पाठीशी हवी.

अंतरामुळे लागणाऱ्या वेळेचा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. पांझरा नदीकाठच्या फड या जुन्या सिंचनपद्धतीत बंधाऱ्यातून पाटात पाणी सोडले की शेवटच्या शेताला ते पोचायला वेळ लागतो, आणि पाट किती लांब व पाण्याची धार किती वेगवान यावर तो वेळ ठरतो. मेंदूतही तसेच आहे. १२० मिलिमीटरचा तंतू आणि सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर संकेताला ४० मिलिसेकंद लागतात, १० मीटर वेग असेल तर १२. ईईजीतील दहा हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन १०० मिलिसेकंदांचे असते, तेव्हा तिथे ४० मिलिसेकंद सोडून देता येत नाहीत. पण टाऊ १०० मिलिसेकंद असलेले मॉडेल घेऊन सेकंदासेकंदाने हलणाऱ्या एफएमआरआयशी तुलना करायची असेल, तर उशीर शून्य धरला तरी चालते. २०१३ च्या त्या लेखातही तसेच केले आहे. उशीर धरला की प्रत्येक भागाचा मागचा इतिहास स्मृतीत ठेवावा लागतो आणि वेग घटतो. तुम्ही तो धरू नका.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याही फाईलींत असण्याची दाट शक्यता आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मॉडेलची कार्यात्मक जोडणी (भागांच्या संकेतांचा आपसांतला सहसंबंध) आणि प्रत्यक्ष मोजलेली जोडणी यांचा सहसंबंध जी कितीही फिरवला तरी ०.१ च्या पुढे जाईना. (जी म्हणजे सगळ्या जोडण्यांना एकत्र गुणणारा आकडा, बहुतेक वेळा हा एकच आकडा जुळवायचा असतो.) तीन आठवडे मी नॉइज बदलला, मॉडेल बदलले, साधनही बदलले. शेवटी दोन्ही तक्ते कागदावर छापून शेजारी ठेवले तेव्हा दोष दिसला. बाह्यकाचे भाग पाडणाऱ्या डेसिकन-किलियानी नकाशात डाव्या गोलार्धाचे ३४ आणि उजव्याचे ३४ भाग असतात. माझ्या कनेक्टोममध्ये आधी डावे ३४ आणि मग उजवे ३४ होते. एफएमआरआयच्या मालिकांत डावा, उजवा, डावा, उजवा असा क्रम होता. हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. डावा-उजवा जोडभाग विश्रांत अवस्थेत एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे पहिल्या क्रमात मुख्य कर्णापासून ३४ घरे दूर एक समांतर ठळक रेघ दिसते, आणि दुसऱ्या क्रमात तीच जोडी कर्णाला चिकटून बसते. तुमचा कार्यात्मक तक्ता आजच रंगांत काढून ही रेघ कुठे आहे ते पाहा.

त्याच तक्त्यावरून आणखी एक गोष्ट कळते. तंतू शोधण्याच्या पद्धतीला दोन गोलार्धांना जोडणारे लांब तंतू कमी सापडतात, म्हणून कनेक्टोममध्ये ती रेघ फिकी असते आणि मॉडेलही जोडभागांचा संबंध कमी दाखवते. तो दोष सॉफ्टवेअरचा नाही.

जी जुळवताना ०.०५ च्या टप्प्यांनी फिरवा आणि प्रत्येक मूल्याला निदान पाच वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या अंकांनी) नॉइज देऊन चालवा. रक्तप्रवाहाचे मॉडेल स्थिरावायला वेळ घेते, म्हणून सुरुवातीची किमान वीस-तीस सेकंदे टाकून द्या. सहसंबंध काढताना वरच्या त्रिकोणातील २,२७८ जोड्याच घ्या. कर्ण धरला तर आकडा फुकट वाढतो. आणि मॉडेलचा सहसंबंध जाहीर करण्याआधी कोरा कनेक्टोमच मोजलेल्या कार्यात्मक जोडणीशी किती जुळतो ते काढा. मॉडेलने त्यापेक्षा सरस जुळवून दाखवले नाही, तर समीकरणांनी काहीच भर घातली नाही, असाच त्याचा अर्थ होतो. सरासरीच्या तक्त्यासोबत एकेक मिनिटाच्या सरकत्या खिडक्यांतून जोडणी कशी बदलते तेही जुळवले तर जीची निवड पुष्कळ भक्कम होते. नुसत्या सहसंबंधाचा आलेख अनेकदा इतका सपाट असतो की त्याचा माथा बीजागणिक सरकतो.

भाग काढण्याचा प्रयोग यानंतरचा, आणि प्रोग्रॅममध्ये तो दोन ओळींचा आहे: त्या भागाची आडवी आणि उभी रांग शून्य करा. चूक होते ती पुढच्या ओळीत. बहुतेक जण कनेक्टोमला त्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याने किंवा एकूण बेरजेने भागून घेतात, आणि भाग काढल्यावर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवताना हा भागाकारही पुन्हा होतो. मग उरलेल्या जोडण्या आपोआप थोड्या वाढू शकतात आणि इजेचा परिणाम झाकला जाऊ शकतो. भागाकार निरोगी कनेक्टोमवर एकदाच करावा आणि जीदेखील निरोगी अवस्थेत जुळवलेलाच ठेवावा. तुलनेसाठी त्याच बीजाची निरोगी फेरी घ्या, आणि काढलेल्या भागाचा संकेत सहसंबंधाच्या तक्त्यातून वगळा, नाहीतर ६७ जोड्यांत निव्वळ नॉइज मोजला जाईल.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना पुण्याच्या मोठ्या संगणकांवर वेळ मागता येतो, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही. जीची तीस मूल्ये आणि पाच बीजे म्हणजे दीडशे फेऱ्या. एका फेरीला दहा-पंधरा मिनिटे धरली आणि चार फेऱ्या एकदम चालवल्या तर एका रात्रीचे काम आहे. अडचण आली आणि मला लिहावेसे वाटले, तर पूर्ण प्रकल्पाची झिप पाठवू नका. सुट्या भागाच्या त्या वीस ओळी, त्यांतून आलेला एस, आणि रंगांत काढलेले दोन तक्ते एवढेच पाठवा.